घर दाखविण्यापूर्वी

मुदखेड म्हणजे आदिलाबादचा लोहमार्ग जेथून फुटतो ते जंक्शन. नांदेड हाकेच्या अंतरावर. पुढची पिढी नांदेड-पुण्यास स्थिरावली, की पुढे दुकान व मागे घर असलेले पेठेतील वाडे विक्रीस निघतात. गिऱ्हाईक पाहावयास येणार म्हणताच प्रथम बोलावणे जाते ते रंगाऱ्यास. आमच्या मते त्याने सर्वांत शेवटी यावे.

माळवदाच्या घरात पाणी छतातून मुरते आणि मातीच्या भिंतीत उतरते. अशा ओल्या भिंतीवर ऑइलपेंट चढविल्यास ओल आत कोंडते व पोपडे सुटू लागतात. म्हणून आधी माळवदाचा उतार व पन्हाळी दुरुस्त कराव्यात, भिंत वाळू द्यावी, मग साधा चुना लावावा. तरीही गळती राहिलीच, तर ती आपणच दाखवावी. विरुद्ध करार नसल्यास, खरेदीदारास सामान्य दक्षतेने न दिसणारा, परंतु आपणांस ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगणे हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याचे कर्तव्यच आहे.

वाडा वडिलोपार्जित असेल, तर बहिणींशी इसार घेण्यापूर्वीच बोलावे. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. गिऱ्हाईक ओसरीवर बसवून बहिणीस फोन लावणे घराण्यास शोभत नाही.

आणि घरात वृद्ध आई असेल, तर तिची खोली दाखविण्यापूर्वी तिला विचारावे. परकी माणसे खाटेशी उभी राहून भिंतींची मापे घेत आहेत, हे तिला अवचित पाहावे लागू नये.