उभ्या तुरीचें मरण

दिवाळी सरून तुरीला फुलें व कोंवळ्या शेंगा लागण्याचा समय आला, म्हणजे आमच्या ईट गांवच्या शिवारांत एक दुःखद देखावा दृष्टीस पडतो. हिरव्यागार तासांत मध्येंच एखादें झाड मान टाकतें. पानें पिवळीं पडून सुकतात व थोड्याच दिवसांत उभें झाड वाळून जातें. शेजारचें झाड मात्र टवटवीत असतें. यासच आपण मर रोग म्हणतों.

गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील भेटले व म्हणाले, "गुरुजी, जमिनींत ओल आहे, मग झाड तहानेनें मेल्यासारखें कां वाळतें?" त्यांनीं त्या तुरीस दोनदां पाणी दिलें होतें, युरिया टाकला होता, आणि एका दुकानदाराच्या सांगण्यावरून पानांवर फवारावयाचें महाग औषधही आणलें होतें. मुलाच्या पुस्तकांसाठीं राखलेले पैसे त्यांत गेले. झाडें वांचलीं नाहींत. त्यांचा प्रश्न रास्त होता, परंतु त्याचें उत्तर त्यांस कोणीं दिलें नव्हतें. आमचें मत असें आहे कीं, हें उत्तर शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलास शाळेंतच मिळालें पाहिजे; कारण रोगाची रीत कळल्यावांचून केलेला खर्च बहुधा व्यर्थ जातो.

भाकरीचा घांस पुष्कळ वेळ चावला तर गोड लागूं लागतो, हें आपण अनुभविलें असेल. लाळेंतील एक द्रव्य पिठाची साखर करितें. अशा द्रव्यास इंग्रजींत एन्झाइम व मराठींत विकर म्हणतात. बुरशीला तोंड नाहीं व पोटही नाहीं. ती आपलीं विकरें शरीराबाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळविते आणि मग तो रस शोषून घेते. आपण आधीं खातों व मग पचवितों. बुरशी आधीं पचविते व मग खाते.

हें ज्ञान एका दिवसांत हातीं आलें नाहीं. १८८६ सालीं जर्मन पंडित डी बारी यांनीं दाखविलें कीं, बुरशीनें सडविलेल्या वनस्पतीचा रसही निरोगी भाग कुजवूं शकतो. १८९७ मध्यें बुखनर यांनीं सिद्ध केलें कीं, किण्वाच्या जिवंत पेशी गाळून टाकल्या तरी त्यांचा रस साखरेची दारू करितो. १९१५ मध्यें विल्यम ब्राउन यांनीं करड्या बुरशीच्या रसानें वनस्पतीची ऊति विरघळते व तो रस तापविला असतां त्याची ती शक्ति नष्ट होते, हें दाखविलें. आपल्या तुरीस मारणाऱ्या बुरशीचें वर्णन बटलर यांनीं भारतांतच १९१० सालीं प्रसिद्ध केलें व तिला फ्युजेरियम उडम हें नांव दिलें.

ही बुरशी जमिनींत राहते व मुळांवाटे आंत शिरते. वनस्पतीच्या पेशी एकमेकींस पेक्टिन नांवाच्या चिकट द्रव्यानें जोडलेल्या असतात. पेरूची जेली घट्ट होते ती ह्याच द्रव्यामुळें. बुरशीचीं कांहीं विकरें हें पेक्टिन विरघळवितात, तर दुसरीं पेशींच्या भिंतींतील सेल्युलोज तोडतात. अशी वाट करीत बुरशी मुळांतील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पोंचते. तेथें तिचे तंतू, पेक्टिनचे अर्धवट विरघळलेले गोळे आणि झाडानें स्वसंरक्षणार्थ धरलेले बोळे यांनीं नळ्या चोंदतात. भरीस बुरशी विषही सोडते. नदीस पाणी असून गांवचा नळ बंद पडावा, तशी झाडाची अवस्था होते. त्या पालकांच्या प्रश्नाचें हेंच उत्तर. चोंदलेल्या नळास नदींत आणखी पाणी सोडून काय उपयोग?

विकरें बुरशीस केवळ शस्त्र म्हणून लागतात असें नाहीं, वाढण्यासही लागतात. तिच्या तंतूची भिंत मुख्यतः कायटिन व ग्लुकन या द्रव्यांची असते. तंतूचें टोंक पुढें सरकावयाचें तर कांहीं विकरें भिंत मऊ करितात व कांहीं नवी भिंत रचितात. येथेंच तिचें मर्मही आहे. वनस्पति स्वतः कायटिन तोडणारें विकर तयार करितात. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी तशाच विकरांनीं शत्रुबुरशीची भिंत विरघळविते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतही बुरशीची भिंत तोडणाऱ्या विकरांवर संशोधन झालें आहे. मात्र रोगकारक बुरशीजवळ एकाच कामाचीं अनेक विकरें असतात. एक निकामी केलें तरी पुष्कळदां ती दुसऱ्यानें काम भागविते. म्हणून एकाच औषधावर विसंबूं नये.

तर मग करावें काय? वाळलेलें झाड पुन्हां हिरवें होत नाहीं, हें प्रथम मनाशीं धरावें व त्यावर पैसा घालूं नये. तें मुळासकट उपटून शेताबाहेर जाळावें. कारण धसकटांच्या आश्रयानें ही बुरशी जमिनींत दोन-तीन वर्षें तग धरते. पेरणीपूर्वीं बियाण्यास ट्रायकोडर्मा पुडीवर लिहिलेल्या प्रमाणांत चोळावा. वाणही पारखून घ्यावा. बदनापूरच्या संशोधन केंद्रानें दिलेला बी. एस. एम. आर. ७३६ हा तुरीचा वाण मर व वांझ या दोन्ही रोगांस दाद देत नाहीं. आणि त्याच जमिनींत वर्षानुवर्षें तूर घेऊं नये.

येथें पालक म्हणतील, "गुरुजी, जमीन दोन एकर, तूर सोडली तर घरांत वरणास डाळ कोठून आणावी?" आक्षेप खरा आहे. त्यावर आमचें म्हणणें एवढेंच कीं, तूर सोडूं नका, तिची जागा बदला. आणि शक्य तेथें ज्वारींत तुरीचे तास पेरा. ज्वारीच्या सोबतीनें तुरीवरील मर कमी होतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. आपले आजोबा असेंच पेरीत. त्यांस विकरांचें नांव ठाऊक नव्हतें. पण त्यांची रीत आपण सोयाबीनच्या भरांत टाकून दिली, ती पुन्हां विचारांत घेण्याजोगी आहे.

विद्यार्थिमित्रहो, या हंगामांत एवढें करा. वाळलेल्या तुरीचें खोड बुडाजवळ उभें चिरून पाहा. सालीखालीं तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या तर त्या चोंदलेल्या नळ्या होत. शेताचा लहानसा नकाशा काढून अशा झाडांच्या जागीं खुणा करा व वडिलांस नम्रपणें दाखवा. पुढील वर्षीं तूर कोठें पेरूं नये, हें तो कागद सांगेल. आणि पुस्तकांचे पैसे पुस्तकांसाठीं राहतील.