पास नको, तिकीट काढा!

‘हौशी’ या शब्दाला आपल्याकडे उगाचच कमीपणा चिकटला आहे. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ; १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शक आणि नाना हेच दोघे. पोटाचा व्यवसाय वेगळा, म्हणून नाटक उणे ठरले नाही.

आमच्या बँकेतली मंडळीही दिवसभराचा हिशेब जुळवून रात्री शाळेच्या वर्गात तालमीला जमत. एकाची बदली झाली की दुसरा अंक अडे. टेम्पोचे भाडे दिग्दर्शकाच्या खिशातून जाई.

राज्य नाट्य स्पर्धेने १९५४ पासून या मंडळींना मंच दिला. प्रेक्षक मात्र आपणच द्यायचा. शेजारचा मुलगा काम करतो म्हणून पास मागू नका. सहकुटुंब तिकीट काढा आणि नाटक फसले तर तसे स्पष्ट सांगा. फुकटच्या कौतुकाने नट वाढत नाही.