विश्लेषण : प्रोटीनच्या डब्याआधी डाळीची वाटी मोजा! व्यायामाला नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

जानेवारीत जिममध्ये ट्रेडमिलसाठी थांबावे लागते. होळीपर्यंत तीच ट्रेडमिल बहुतेक वेळ रिकामी दिसते. मधल्या दोन महिन्यांत वर्षभराचे शुल्क भरलेले असते, नवे बूट घेतलेले असतात आणि स्वयंपाकघरात पावडरचा एक अर्धवट डबा पडून असतो.

व्यायाम सोडणाऱ्यांना आळशी ठरवणे सोपे असते. मात्र नवख्यांचे प्रश्न नीट ऐकले, तर अडचण वेगळीच असल्याचे लक्षात येते. कोणती पावडर घ्यावी, पोट किती दिवसांत जाईल, भात बंद करावा का, हे प्रश्न आधी विचारले जातात. आठवड्यातून किती दिवस जमेल, ताटात डाळ किती आहे आणि झोप किती तास होते, हे प्रश्न मागे राहतात. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे विकता येतात, म्हणून बाजार ती तत्परतेने देतो. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे फुकट असतात, त्यामुळे ती फारसे कोणी सांगत नाही.

नुसते चालणे पुरेसे आहे का?

सुरुवात म्हणून चालणे उत्तम, पण तेवढ्यावर थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालले तर १५० मिनिटे होतात. याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगितला आहे. अनेकांकडून नेमका तोच राहून जातो.

त्यासाठी जिमच हवी असे नाही. खुर्चीवर बसून उठणे, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर काढणे, पाण्याची भरलेली बाटली उचलणे, एवढ्यावरही पहिला महिना निभावतो. वजने उचलल्याने शरीर पुरुषी दिसेल, ही अनेक महिलांची भीती अनाठायी आहे. तसे स्नायू कमावायला वर्षानुवर्षांचा कठोर सराव आणि त्यासाठीचा खास आहार लागतो. उलट वाढत्या वयात स्नायू आणि हाडे टिकवण्यासाठी महिलांना या व्यायामाची मोठी गरज असते.

पोटाचे व्यायाम केले की पोट कमी होते का?

पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यावरची चरबी कमी होत नाही. चरबी कुठून आधी जाणार, हे अनुवंश, लिंग आणि संप्रेरके ठरवतात. घाम काढणारा पट्टा बांधून जे कमी होते ते पाण्याचे वजन असते आणि दोन ग्लास पाणी प्यायले की ते परत येते.

इथे थोडे गणित उपयोगी पडते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. आठवड्याला अर्धा किलो चरबी कमी करायची, तर रोज सुमारे ५५० किलोकॅलरींची तूट हवी. ६०-६५ किलो वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास भरभर चालले, तर जेमतेम १३०-१५० किलोकॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे नुसते चालून खाण्याचा हिशेब मिटत नाही. व्यायामाने हृदय, स्नायू, साखर आणि झोप सुधारते. वजनाचा काटा मात्र मुख्यतः ताटामुळे हलतो.

मग पोळी-भात बंद करायचा का?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यातील २,००० किलोकॅलरींच्या नमुना ताटात दिवसभरासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. धान्य आणि डाळींची वजने कच्च्या मालाची आहेत.

या ताटात धान्य आहेच. आपल्याकडे चुकते ते प्रमाण. चार पोळ्या, वर भात, पातळ वरण आणि चमचाभर भाजी, हे अनेक घरांतले नेहमीचे जेवण. यात पोळी एक कमी, डाळ घट्ट आणि भाजी दुप्पट केली, तरी निम्मे काम होते. रात्रीचा भात रात्री खाल्ला म्हणून चरबी होत नाही, दिवसभराची बेरीज जास्त झाली की होते.

प्रोटीन पावडरशिवाय चालेल का?

नवख्यांचा सर्वाधिक पैसा या प्रश्नावर खर्च होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हा आकडा ५० ग्रॅम होतो. नियमित वजने उचलणाऱ्याने १.२ ग्रॅमचा हिशेब धरला, तर ७२ ग्रॅम.

हे ७२ ग्रॅम घरच्या जेवणात असे बसतात : दोन अंडी १२ ग्रॅम, पाव लिटर दूध ८, ५० ग्रॅम कच्च्या डाळीचे वरण ११, ३० ग्रॅम मटकीची उसळ ७, १०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या किंवा भाकरी १०, ५० ग्रॅम तांदळाचा भात ४, वाटीभर दही ५, मूठभर शेंगदाणे ६ आणि ५० ग्रॅम पनीर ९. अंडी चालत नसतील, तर २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या तेवढीच प्रथिने देतात. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलत नाही.

पावडर विष नाही. ती दुधापासून किंवा डाळींपासून वेगळी काढलेली प्रथिनेच असतात आणि एका मापात साधारण २४ ग्रॅम मिळतात. ज्याचे जेवणच वेळेवर होत नाही, त्याला तिची सोय होऊ शकते. राष्ट्रीय पोषण संस्थेने मात्र अशी पूरके टाळण्याचाच सल्ला दिला आहे. त्यात लेबलवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न उरतो. केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ७० टक्के पावडरींवर प्रथिनांच्या प्रमाणाची माहिती चुकीची आढळली. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवूच नयेत.

‘झटपट’ उपायांत धोका कुठे आहे?

लवकर शरीर कमावण्याच्या घाईत काही तरुण पावडरपाशी थांबत नाहीत. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेदरम्यान घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे औषध आहे. व्यायामाआधी जोर यावा म्हणून ते टोचून घेण्याचे प्रकार घडले आहेत आणि त्याच्या बेकायदा विक्रीवर पुण्यासह काही शहरांत पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. हृदयाचे ठोके बिघडणे, रक्तदाब भडकणे आणि व्यसन जडणे, असे त्याचे धोके आहेत. जिममध्ये कोणीही इंजेक्शन किंवा बिनलेबलची गोळी पुढे केली, तर तिथून सरळ बाहेर पडावे.

अंग दुखते, मग थांबावे का?

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे स्वाभाविक आहे. अशा वेळी हलके चालावे आणि त्या स्नायूंना एक-दोन दिवस विश्रांती द्यावी. सांध्यात टोचल्यासारखी कळ किंवा सूज आली, तर तो व्यायाम थांबवावा. छातीत दाब, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा दम किंवा काळ्या चहासारखी लघवी झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अतिश्रमाने स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचे ते शेवटचे लक्षण असू शकते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलावे.

किती दिवसांत फरक दिसेल?

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण आरसा आणि वजनकाटा गप्प राहतात. या काळात मेंदू आणि नसा स्नायूंना कामाला लावायला शिकत असतात. स्नायूंचा आकार नंतर बदलतो. काहीच होत नाही असे वाटून लोक सोडतात, तो काळ नेमका हाच.

म्हणून मोजायचे काय, हे आधी बदलायला हवे. जिना चढताना दम कमी लागला का? मागच्या आठवड्यापेक्षा दोन जोर जास्त निघाले का? झोप लागते का? कमरेचा घेर किती? भारतीय पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याची सूचना मानला जातो. शिंप्याचा टेप रोज बदलणाऱ्या वजनकाट्यापेक्षा जास्त खरे सांगतो.

‘९० दिवसांत कायापालट’ ही मुदत विक्रीच्या सोयीने ठरलेली असते. शरीर ती पाळत नाही आणि दोष मात्र माणूस स्वतःला देतो. नवख्याने पहिल्या तीन महिन्यांत पावडरवर एक रुपयाही खर्च करू नये. आठवड्यातले पाच दिवस चालणे, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, घट्ट वरण आणि पुरेशी झोप, एवढे आधी जमवावे. ते जमले, तर डब्याची गरज बहुतेकांना उरत नाही. ते जमले नाही, तर डब्याचा उपयोगही होत नाही.