ट्रॅप लावणार कुणावर?

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आपण सगळ्यांनी सरकारी ऑफिसांत वाचलाय. पण ट्रॅप लावायला तक्रारदार लागतो, आणि तो बहुतेक वेळा ज्याच्याकडे पैसे मागितले तोच असतो. तलाठ्याने फेरफारासाठी पैसे मागितले, शेतकरी चिडला, पावडर लावलेल्या नोटा घेऊन गेला, तलाठी सापडला. छान.

आता बोईसरला या. समजा, एका कारखान्याला रात्री नाल्यात पाणी सोडायचंय आणि तपासणाऱ्याने त्या रात्री फक्त यायचं नाहीये. देणारा खूश, घेणारा खूश. १०६४ फिरवणार कोण? ज्याचं नुकसान झालं तो नवापूर-मुरब्याचा मच्छीमार या व्यवहारात कुठेच नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. (असा पहिला नंबर.) त्याआधीच, २०१६ मध्ये, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली होती. म्हणजे तपासणी मच्छीमारांनी करवून घेतली. २०२२ च्या जानेवारीत लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि सामुदायिक सांडपाणी केंद्र चालवणाऱ्या संस्थेवर भरपाई बसवली. भरपाईचे आकडे पेपरात आले. पण इतकी वर्षं तपासायला कोण गेलं, कोण गेलं नाही, हे आपल्याला माहीत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली कलम १७अ आलं. जागेवर पैसे घेताना पकडलं तर ठीक; पण अधिकाऱ्याच्या निर्णयाची किंवा शिफारशीची चौकशी करायची तर आधी सरकारची मंजुरी. आणि न केलेल्या तपासणीचा तर निर्णयही कागदावर नसतो!

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सर्व्हर पडला की पहिला प्रश्न असतो, लॉग दाखव. कोणी, किती वाजता, काय बदललं. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला लॉग पुसता येत नाही. इथे साधं तेवढंच हवंय: प्रत्येक कारखान्याची शेवटची तपासणी कधी, कोणी केली, नमुन्यात काय निघालं, पुढे काय कारवाई झाली. त्याच दिवशी, सगळ्यांना दिसेल असं.

यावर उद्योजक म्हणतात, मग ब्लॅकमेल करणारे सोकावतील. अहो, ब्लॅकमेल लपवलेल्या गोष्टीवरच चालतं. जे सगळ्यांच्या मोबाईलवर आहे त्याचे पैसे कोण देईल?

शिवाय ही मागणी नवी नाहीच. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५(६) नुसार संमतीपत्रातल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि बाधित माणसाला ती पाहता येते. सातपाटीच्या मच्छीमाराने ती बघायला एक दिवसाची बोट बुडवून ऑफिसात का जावं? अटी फोनवर टाका, आणि त्यांच्याच खाली तपासणीची तारीख आणि अधिकाऱ्याचं नाव. तपासणी झालीच नसेल तर ती ओळ रिकामी दिसू दे.