एका मनोऱ्याचं चर्च आणि आपली देवळं

मंडळी, मुरगूडची पोरं वर्षातून एकदा तरी गोव्याला जातातच. बीच, फोटो, की परत. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलला किती जण थांबतात?

१५६२ ला सुरू झालेली ही इमारत उभी राहायला १६१९ उजाडलं. नाव संत कॅथरीनचं, कारण तिच्याच सणादिवशी, २५ नोव्हेंबर १५१० ला, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ ला कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. भिंती जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. जवळच्याच बॉम जीझस चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढला आणि तिथला उघडा जांभा आता पावसात झिजतोय.

म्हणजे जुन्या बांधकामाला हात लावायचा तर आधी विचार पाहिजे. आपण काय करतो? जीर्णोद्धार म्हणून काळ्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात टाइल्स. ओल आतच कोंडते, कोरीव काम बुजतं.

'ते परक्यांचं, आपल्याला काय?' म्हणणाऱ्यांना एवढंच: चूक कुणाचीही असो, धडा फुकट मिळतोय.

पुढच्या मीटिंगला वर्गणीच्या हिशोबाबरोबर एवढंही विचारा, रंगाआधी जाणकाराला दाखवलंय का?