पोलाद भिलाईचे, इंजिन कुणाचे?

मुंबईकडे निघालेली गाडी दुर्ग सोडून शिवनाथ नदी ओलांडते आणि रसमडा लागते. स्थानक छोटे, भोवती औद्योगिक वसाहत. मागे थोड्या अंतरावर भिलाई पोलाद प्रकल्प. भिलाईचा माल रेल्वेने पश्चिमेला निघाला की याच वाटेने जातो. देशाच्या संरक्षण सज्जतेत काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब दिल्लीपेक्षा या पट्ट्यातून मांडलेला बरा.

‘विक्रांत’ विमानवाहू नौकेसाठी लागणारे खास पोलाद रशियातून येणार होते. ते वेळेवर आले नाही आणि काम रखडले. मग हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने तयार केलेले डीएमआर-249 जातीचे पोलाद ‘सेल’च्या कारखान्यांत बनू लागले. भिलाई, बोकारो आणि राउरकेला मिळून सुमारे 30 हजार टन पोलाद ‘विक्रांत’ला पुरवले गेले. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत नौका नौदलात दाखल झाली. तिची लांबी 262 मीटर. भिलाईत रूळ जोडून 260 मीटरचे अखंड तुकडे तयार होतात, म्हणजे भिलाईकरांना या लांबीचे अप्रूप नसावे.

ही कहाणी अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीच. पण तिची सुरुवात आराखड्यातून झाली नाही, अडवणुकीतून झाली. रशियाचे पोलाद वेळेवर आले असते तर ‘विक्रांत’पुरती तरी ही निकड कुणालाच भासली नसती. आपल्याकडे उणीव दिसते ती दार बंद झाल्यावर.

त्याच नौकेच्या पोटात उतरले की पुढची उणीव दिसते. तिला चालवणारी चारही गॅस टर्बाइन अमेरिकी बनावटीची, एलएम-2500. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘सुरत’ विनाशिकेची टर्बाइन युक्रेनची. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा ती बनवणारे मिकोलाइव्ह शहर तोफांच्या माऱ्यात सापडले. विमानांची गोष्टही तशीच. ‘विक्रांत’साठी 26 राफेल-एम विमानांचा करार झाला एप्रिल 2025 मध्ये, नौका दाखल होऊन अडीच वर्षे उलटल्यावर. तोवर मिग-29के विमानांवर भागवले गेले.

आराखडे नव्हते, असे मुळीच नाही. 1999 मध्ये सरकारने पाणबुडी बांधणीचा 30 वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला: 24 पाणबुड्या. त्यातल्या सहा स्कॉर्पिन जातीच्या पाणबुड्या माझगाव गोदीने बांधल्या. पहिली ‘कलवरी’ डिसेंबर 2017 मध्ये दाखल झाली, सहावी ‘वागशीर’ जानेवारी 2025 मध्ये. ‘कलवरी’ आली तेव्हा तिच्यासाठी ठरवलेले नवे जड पाणतीर मात्र आले नव्हते. ती खरेदी घोटाळ्याच्या सावटाखाली रद्द झाली होती. देशी पाणतीर या पाणबुड्यांवर बसवण्याचा करार डिसेंबर 2024 चा. घर बांधून झाले आणि कुलूप घ्यायचे राहिले, असा हा प्रकार.

पैशाची कथा वेगळी नाही. 2018 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर लष्कराने सांगितले की आपली 68 टक्के साधने जुनाट आहेत आणि जेमतेम 8 टक्के अत्याधुनिक. त्या वर्षी आधुनिकीकरणाला मिळाले 21,338 कोटी रुपये, तर आधीच केलेल्या करारांचे देणे होते 29,033 कोटी. नव्या गरजेचा विचार करायला जागाच कुठे होती?

हवाई दलाची मंजूर संख्या 42 स्क्वाड्रनची. मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाले आणि प्रत्यक्ष संख्या तिशीच्याही खाली गेली. ही पोकळी भरायला तेजस एमके-1ए आहे. 83 विमानांचा करार 2021 चा, पण अमेरिकी एफ-404 इंजिने वेळेवर मिळेनात. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून पहिले एमके-1ए उडाले, तेव्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत इंजिनाचा प्रश्न कुणी फारसा काढला नाही.

वास्तविक इंजिनाचा विचार फार पूर्वी झाला होता. ‘कावेरी’ प्रकल्पाला 1989 मध्ये मंजुरी मिळाली. अपेक्षित जोर मिळेना म्हणून 2008 मध्ये तो तेजसपासून तोडण्यात आला. इंजिन बनवणे पोलादाच्या पत्र्यांहून कितीतरी अवघड, हे मान्य. तरीही एक फरक नजरेत भरतो. पोलाद बनवणाऱ्या कारखान्यांपुढे हजारो टनांचा ग्राहक उभा होता. पहिली खेप नापास झाली तरी दुसरी मागणारा. ‘कावेरी’चा ग्राहक मध्येच उठून गेला.

आता एएमसीए या नव्या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर इंजिन घडवण्याचे ठरते आहे. त्या करारात भारताचा वाटा किती, यावर भरपूर चर्चा होईल. किती इंजिने घेणार, कोणत्या वर्षापासून, आणि पहिली काही कमी पडली तरी घेणार का, हेही हवाई दलाकडून त्याच कागदावर लिहून घ्यायला हवे.