पार्टिशनला हात लावण्याआधी

विंडोज १० ची नेहमीची साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवली. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नसेल, तर आहे ते विंडोज तसंच ठेवून शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकणं चांगलंच आहे. जरूर टाका. पण त्यासाठी डिस्कची वाटणी करावी लागते, आणि तिथली घाई फार महाग पडते.

आधी बॅकअप घ्या. मुलांचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, दुकानाचे हिशेब, सगळं बाहेरच्या डिस्कवर. डी ड्राइव्हवर केलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते मालकाला न कळता चालू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असेल, तर शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, आणि अशा वेळी लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइल्स बिघडू शकतात.

सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. सुटलेली जागा रिकामीच ठेवा, लिनक्स ती स्वतः घेईल. पुढे लिनक्सचा भाग लहान करायचा झाला, तर पेन ड्राइव्हवरून बूट करून जीपार्टेड हे पार्टिशन बदलण्याचं साधन वापरा, कारण चालू असलेला भाग लहान करता येत नाही. पार्टिशनची सुरुवात सरकवायची असेल तर आतला सगळा डेटा हलतो. त्याला तास न् तास लागतात. मध्येच वीज गेली तर डेटा जाऊ शकतो, म्हणून चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी.

सर्वांत जास्त जपायचं ते एका खिडकीला. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून ते कधीकधी विचारतं, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ तिथे ‘कॅन्सल’च दाबा. सुरुवातीला दिसणारं शे-दोनशे एमबीचं ईएफआय पार्टिशनही फालतू समजून उडवू नका. दोन्ही प्रणाली तिथूनच सुरू होतात.

लिनक्स नकोसं झालं आणि त्याचं पार्टिशन काढल्यावर काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ (लिनक्सच्या बूट लोडरचं नाव) दिसलं, तर घाबरून डिस्क फॉरमॅट करायला देऊ नका. बहुतेक वेळा विंडोज जागच्या जागी असतं. बायोसमध्ये जाऊन बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणा.